त्याला न आलेला वास

ती दुपार अजून माझ्यातून गेलेली नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, जळालेली माणसं पाहिली, अंगावर धावून आलेला जमाव पाहिला. पण भीती म्हटलं की मला भांडुपच्या टेकडीवरचं दोन खोल्यांचं एक घर दिसतं आणि त्या घरात ओल्या लादीवर मांडी घालून बसलेला एक माणूस. गेल्या महिन्यात तो वारला. त्याच्या तेराव्याला जाऊन आल्यापासून मी हे लिहितो आहे. दिवसाला अर्धं पान होतं, कधी तेवढंही नाही. नावं कुणाचीच देणार नाही. वस्तीत त्याला लिफ्टवाला म्हणत, मीही तेच म्हणेन.

त्या वेळी मी टेकडीखालच्या ठाण्यात निरीक्षक होतो. दुपारी तीनच्या सुमाराला वस्तीतले एक गृहस्थ धापा टाकत आत आले आणि ठाणे अंमलदाराला म्हणाले, "लवकर चला. लिफ्टवाल्याने आईला मारलं. रक्तात पडलीय म्हातारी."

"तुम्ही पाहिलंत?"

"बघायला कशाला पायजे? रोजचंच आहे त्याचं. डोक्यावर परिणाम झालाय ना. ताट फेकतो, पोरीवर ओरडतो. आज काय ते झालंच शेवटी."

ठाण्यात येणाऱ्या खबरीत बातमी थोडी आणि निकाल जास्त असतो, हे मला माहीत होतं. तरी माणूस घाईत असला की तो निकालच घेऊन निघतो. आम्हीही तोच घेऊन निघालो.

पायऱ्या चढून वर गेलो. दारात बायकांची गर्दी होती. आत म्हातारी पोटमाळ्याच्या लोखंडी शिडीपाशी पडलेली, शुद्ध नव्हती. डोक्याखालून रक्त आलेलं. शेजारी तिचा मुलगा, वय अडतीस-चाळीस, तिचा हात धरून बसलेला. त्याच्या दोन्ही हातांना रक्त. फिनेलची बाटली फुटून सगळ्या खोलीभर पसरली होती आणि त्या कोंदट जागेत वास इतका उग्र होता, की माझ्या हवालदाराने जो रुमाल नाकाला लावला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही. लिफ्टवाला मात्र शांत होता. ती शांतता मला विकृत वाटली. त्या एका वाटण्याने माझं अर्धं मत तिथेच झालं.

म्हातारीला पालिकेच्या रुग्णालयात हलवलं. पंचनामा झाला. 'खोलीत फिनेलसदृश द्रवाचा उग्र वास येत आहे' हे वाक्य मी स्वतः सांगून लिहवलं. पहिली धावत आलेली शेजारीण होती, तिचा जबाब घेतला: 'आरडाओरडा ऐकून मी धावत गेले असता सदर इसम जखमी महिलेजवळ रक्ताळलेल्या हातांनी बसलेला दिसला.' आमच्या जबाबांत आरडाओरडा नेहमीच असतो. त्याच्यापुढे कुणी काही विचारत नाही.

लिफ्टवाल्याला ठाण्यात आणून बसवलं. त्याची बायको मुलुंडला एका दवाखान्यात कामाला होती, तिला निरोप गेला. चौकशीत मी समोर बसलो होतो, प्रश्न मुख्यतः हवालदार विचारत होता. मारहाण झाली नाही, आवाजही चढला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मारलं असतं तर निदान चूक कुठे झाली ते दिसलं असतं.

"आई कशी पडली रे?"

"आठवत नाही, साहेब."

"अरे, आज दुपारची गोष्ट आहे. भांडण झालं?"

"झालं असेल."

"असेल काय? झालं की नाही?"

"झालं."

"हात बघ तुझे. ढकललंस ना?"

त्याने खरंच हात उलटसुलट करून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "मीच असणार."

"का पण? वासाने डोकं फिरलं का? आमचंच फिरलंय दुपारपासून."

"हो," तो म्हणाला. "वासानेच. डोकं भणभणायला लागलं. आईला म्हटलं बस कर आता, किती ओततेस. ती ऐकेना. मग हात लागला."

हवालदाराने माझ्याकडे पाहून भुवई उचलली. आई ऐकेना, हे आम्ही त्याच्या तोंडात घातलेलं नव्हतं. स्वतःहून तपशील देणारा आरोपी खरं बोलतो, हा आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेला आणि मी पुढे हाताखालच्या पोरांना शिकवत आलेला धडा होता. जबाब तयार झाला: 'समक्ष विचारल्यावरून सांगतो की, फिनेलच्या उग्र वासाने मला त्रास होऊन राग अनावर झाला...' मी तो वाचून दाखवला. त्याने प्रत्येक वाक्याला मान हलवली. वाचून होईपर्यंत तो रडायला लागला होता.

"पाच मिनिटांत मोकळा झाला, साहेब," हवालदार बाहेर येऊन म्हणाला. "असे आरोपी आले तर आपली ढेरी वाढायची."

अटकेनंतर नियमाप्रमाणे वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारलं, काही आजार? काही गोळ्या? लिफ्टवाला म्हणाला, "काही नाही. ठणठणीत आहे." दिसायलाही तो तसाच होता. दंड भरलेले, चालणं सरळ. केसांखाली कानापासून कपाळापर्यंत गेलेला टाक्यांचा व्रण कुणी पाहिला नाही.

संध्याकाळी त्याची बायको आली. तिचा चेहरा मला आठवतो, कारण नवरा कसा आहे, हे तिने आधी विचारलं नाही.

"साहेब, त्यांनी केलं का?"

"कबूल केलंय."

ती बाकावर बसली. "अडीच वर्षं मी ह्याच दिवसाला घाबरतेय," ती म्हणाली. "पोरीला कडी लावून अभ्यासाला बसवते. वाटायचं, एक दिवस होणार. पण आईंना? आईंवर त्यांनी कधी हात उगारला नव्हता, साहेब." मग पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. "ह्या सकाळ-संध्याकाळ द्याव्या लागतात. चुकवून चालत नाही."

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"फाईल घरी आहे. मला आता आईंकडे रुग्णालयात जायचंय. उद्या आणते."

"कोठडीत चिठ्ठीशिवाय गोळी देता येत नाही," मी म्हणालो. नियम तसा होता आणि त्याला कारणंही होती. कसल्या गोळ्या आहेत, हे विचारायला मला काहीच अडचण नव्हती. मी विचारलं नाही. मला वाटलं, झोपेच्या असतील. गोळ्या टेबलाच्या खणात गेल्या.

दुसऱ्या दिवशी न्यायालयाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली. बायको सासूपाशी अडकलेली, चिठ्ठी आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, हजेरी चालू असताना, कोठडीच्या पहारेकऱ्याची हाक आली. मी गेलो तेव्हा लिफ्टवाला फरशीवर ताठ झाला होता. डोळे वर, तोंडाला फेस, डोकं पुन्हा पुन्हा जमिनीवर आपटत होतं. एक शिपाई त्याच्या तोंडात चमचा घालायला धावला, दुसरा म्हणाला कांदा आणा. मी त्याच्या डोक्याखाली माझा हात घातला. ते डोकं माझ्या तळव्यावर आपटत होतं आणि बोटांना केसांखालची ती लांब, खाचेसारखी ओळ लागत होती. झटका थांबेना. एकामागून दुसरा सुरू झाला. कोठडीत माणूस मेला तर काय होतं, ही भीती मनात आली नाही असं म्हणणार नाही. पण तिच्याखाली दुसरी एक होती, जास्त थंड. गोळ्या माझ्या खणात होत्या.

गाडी काढून त्याला त्याच रुग्णालयात नेलं जिथे त्याची आई होती. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पाहताच ओळखलं. अडीच वर्षांपूर्वी त्यांनीच त्याच्या डोक्याचं ऑपरेशन केलं होतं. झटके आटोक्यात आल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"गोळ्या कुणी बंद केल्या?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी केसपेपरवर तेवढंच लिहून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी मला त्याची गोष्ट सांगितली. घाटकोपरला एका इमारतीत लिफ्टची दुरुस्ती करताना तो दोन मजले खाली कोसळला होता. मेंदूला सूज, आत रक्तस्राव. दाब कमी करायला कवटीचा तुकडा काढून ठेवावा लागला, तो काही महिन्यांनी परत बसवला. तीन आठवडे बेशुद्ध, नळीने अन्न, मग बसायला शिकणं, गिळायला शिकणं, चालायला शिकणं.

"चालायला लागला की घरचे पेढे वाटतात," त्या म्हणाल्या. "त्यांचा दोष नाही. पण खरा आजार तिथून पुढे दिसायला लागतो. कपाळामागच्या भागाला मार आहे. राग आला की आवरणारी जी यंत्रणा असते, ती ढिली झालीय. नवीन गोष्ट टिकत नाही. आणि आपल्याला काही झालंय, हेच त्याला कळत नाही. त्याला विचारलंत तर सांगेल, मी ठणठणीत आहे."

"तेच सांगितलं त्याने."

"आणि गुन्हा कबूल केला म्हणताय."

"स्वतःहून तपशील दिले."

"देणारच. आठवणीत जिथे खड्डा पडलाय, तिथे त्याचा मेंदू हाताला लागेल ते भरतो. तो खोटं बोलत नाही, त्याला ते खरंच आठवायला लागतं. तुम्ही त्याला काय काय दिलंत भरायला?"

पण माझी समजूत अजून मोडली नव्हती. राग आवरत नाही, हे तर त्या स्वतःच म्हणत होत्या. म्हणजे त्याने ढकललं असूही शकतं. फाईल पाहायची म्हणून मी एका महिला शिपायाला आणि त्याच्या बायकोला घेऊन दुपारी त्यांच्या घरी गेलो.

पहिल्या दिवशी मी त्या घरात रक्त, शिडी आणि फुटकी बाटली पाहिली होती. आता भिंती पाहिल्या. सगळीकडे वहीचे कागद चिकटवलेले, मुलीच्या अक्षरात. दारावर: 'बाबा, चावी खिशात आहे का?' कपाटावर: 'वरचा कप्पा तुमचा.' आरशापाशी: 'दाढी झाली असेल तर परत करू नका.' आणि गॅसच्या शेगडीच्या वर, लाल पेनाने, मोठ्या अक्षरात: 'बाबा, हात लावायचा नाही. तुम्हाला वास येत नाही.'

मी तो कागद दोनदा वाचला.

"वास येत नाही म्हणजे?"

"नाही येत," बायको म्हणाली. "डोक्याला मार लागला तेव्हापासून. एकदा गॅस चालू राहिला आणि हे तिथेच पेपर वाचत बसलेले. सगळी चाळ गोळा झाली, ह्यांना पत्ता नाही. बोंबील जळले तरी कळत नाही, साहेब. काहीच नाही येत."

जबाबातलं माझ्या अक्षरातलं वाक्य मला पाठ होतं. फिनेलच्या उग्र वासाने त्रास होऊन. ज्याला घरभर पसरलेला गॅस कळत नव्हता, त्याचं डोकं फिनेलने भणभणलं होतं, कारण आमच्या हवालदाराचं भणभणलं होतं. तो वास आमचा होता. आम्ही तो त्याच्या डोक्यात ठेवला आणि सही घेतली.

पण जबाब खोटा ठरला, म्हणजे ढकललं नाही, हे सिद्ध होत नाही. मी शेजारणीला बोलावलं. ती पदर खोचून, जराशी वैतागूनच आली.

"मागच्या वेळी सगळं सांगितलं की."

"आरडाओरडा ऐकला म्हणालात. कुणाचा?"

"त्याचाच. लिफ्टवाल्याचा."

"काय ओरडत होता?"

"ते नाही विचारलंत तुम्ही त्या दिवशी."

"आता विचारतो."

"'कोणतरी या, आई पडली, कोणतरी या.' हेच. दोन-तीनदा. मी भाकरी टाकत होते, तवा उतरवून धावले."

"त्याच्याआधी भांडण? म्हातारीचा आवाज?"

"नाय ओ. धपकन पडल्याचा आला, आणि मग हा ओरडला. भांडण असतं तर कळलं असतं. एका पत्र्याची भिंत आहे मधी, ह्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मी मोजते."

"मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही लिहीत होता ना. मला वाटलं, लिहिताय म्हणजे माहिती असेल."

आईला पाचव्या दिवशी शुद्ध आली. मेंदूवर रक्त साकळलं होतं, ते काढल्यावर ती बोलू लागली. मालवणकडची बाई, बोलणं तिचं तिकडचंच. पंचांसमक्ष मी फक्त एवढंच विचारलं, की काय झालं, आणि गप्प बसलो. तिला वेळ लागला. मी मध्ये शब्द पुरवला नाही.

"लादी पुशी होतंय. बाटली हातातसून निसाटली. शिडयेवर पाय ठेवलंय आणि सरलो." मग म्हणाली, "माझो झील खंय आसा?"

"मुलगा आहे. इथेच, खालच्या मजल्यावर."

"तेका कोणी गोळी दिल्यान काय? तो आपणाहून घेणा नाय."

आई मुलाला वाचवायला बोलते, हा संशय घेणं माझं कामच होतं. पण शिडीच्या दुसऱ्या पायरीवर फिनेलने भिजलेल्या पावलाचा घसरा होता. पंचनाम्यात तोही नोंदलेला होता, माझ्याच सहीने. डोक्याची जखम शिडीवरून मागे पडल्याची, असा डॉक्टरांचा अभिप्राय आला. मी न्यायालयात अहवाल दिला, की गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला. गोळ्यांबद्दलचं माझं निवेदनही वरिष्ठांना दिलं. त्याची चौकशी झाली, मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

सुटकेचा आदेश घेऊन मी स्वतः वॉर्डात गेलो. लिफ्टवाला खाटेवर बसून होता. मी म्हटलं, "तू काही केलेलं नाहीस. आई पाय घसरून पडली. तू सुटलास, घरी जा."

त्याने खाटेची लोखंडी कड धरली. "नको, साहेब."

"का?"

"मी ढकललं तिला. मला दिसतंय ना. ती ओततेय, मी बस कर म्हणतोय, ती ऐकत नाही." तो खाटेवर मागे सरकला. "घरी पोरगी आहे. मला सोडू नका. मला आतच ठेवा."

बायको दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "साहेब, ह्या वेळी केलं नाही, हे कळलं. पण करू शकतील का?"

हा प्रश्न मी डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्या म्हणाल्या, "राग येईल, वस्तू फुटतील. गोळ्या नियमित, झोप पुरेशी, आवाज-गर्दी कमी, आणि घरच्यांनी वाद न घालता बाजूला होणं, ह्याने खूप फरक पडतो. अजून सुधारेल, पण सावकाश. पूर्वीचा माणूस परत येईल, असं मी कुणालाच सांगत नाही. आणि पुढे काहीच होणार नाही, असं लिहूनही देत नाही." मी हे तसंच्या तसं तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि नवऱ्याची चप्पल शोधायला आत गेली.

पुढची कित्येक वर्षं मी त्या घरी जात राहिलो. निवृत्तीनंतर जास्त. तो सुधारला, हे खरं. गोरेगावच्या एका केंद्रात त्याला रोजची कामं ठरावीक क्रमाने करायला शिकवलं. तो भाजी आणू लागला, शेजाऱ्यांचे पंखे दुरुस्त करू लागला. ताट फेकणं जवळजवळ थांबलं. मुलीच्या खोलीची कडी कधी निघाली, मला माहीत नाही, पण निघाली. झटके मात्र अधूनमधून येत.

आणि ते दृश्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. सकाळचं जेवण विसरणारा माणूस हे विसरत नव्हता. आईच्या पाया पडून तो माफी मागायचा, ती म्हणायची, "अरे, मीच पडलंय रे बाबा, किती वेळा सांगू." ती न्यूमोनियाने गेली, तेव्हा त्याने साऱ्या नातेवाइकांसमोर सांगितलं की मी मारलं. बायकोने मला फोन करून बोलावलं. मी त्याच्यासमोर बसून न्यायालयाचा कागद वाचून दाखवला. त्याने ओळ न् ओळ ऐकली.

"तुम्ही सांगता तेव्हा पटतं, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही गेलात की परत दिसतं."

असं मी किती वेळा वाचून दाखवलं असेल, मोजलं नाही.

स्टेशन डायरीत चूक झाली, तर तिच्यावर एक रेघ मारून शेजारी सही करतात. खालचं वाचता येतं, पण ते रद्द झालेलं असतं. माणसाच्या डोक्यात लिहिलेलं असं रद्द करता येत नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. त्यानंतर मी चौकशीत कारण सुचवणं सोडलं. 'आरडाओरडा' हा शब्द ज्या जबाबात आला, त्याच्यापुढे काय ओरडलं ते लिहवून घेतलं. पोरं कंटाळायची. कोठडीत येणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना मी आधी विचारायचो, डोक्याला कधी मार लागला होता का. विचारायला लागल्यावर कळलं, किती जणांना लागलेला असतो.

तेराव्याला त्याची मुलगी भेटली. आता कॉलेजात आहे. वारला त्या दिवशी तो सकाळी आंघोळीला गेला आणि तिथेच झटका आला, दार फोडेपर्यंत उशीर झाला होता. तिने मला पाणी दिलं आणि समोर बसली.

"त्या दिवशीपण विचारलं त्यांनी," ती म्हणाली. "आजीला मी ढकललं नाही ना? मी मोबाइल बघत होते, काका. वर न बघताच म्हटलं, नाही हो बाबा. ते म्हणाले, बरं. मग टॉवेल घेऊन गेले."

"बरं म्हणाले?"

"हो. बरं म्हणाले."

त्यांना पटलं होतं ना, एवढं मी विचारलं असतं, तर तिने हो म्हटलं असतं. दोघांनाही तेच हवं होतं. उद्या तिला तसंच आठवलं असतं आणि परवा मलाही. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि काही विचारलं नाही.